कच्चा खर्डा चार माणसांत

बुलढाणा जिल्ह्यात कवितेचा दुष्काळ कधी पडला नाही. कोजागरी, मराठी भाषा गौरव दिन, एखाद्या वाचनालयाचा वर्धापनदिन, निमित्त कुठलेही असो, तालुक्याच्या गावी कविसंमेलन लागते आणि कवींची यादी निवेदकाला आवरत नाही. मात्र अर्ध्यावर अडलेली कादंबरी, शेवट न सापडलेली कथा, दुसऱ्या कडव्यात लंगडणारी कविता चारसहा जाणत्या माणसांपुढे वाचायची, ती कुठे अडते ते ऐकायचे आणि कागद घेऊन घरी परतायचे, अशी बैठक तितक्या सहज सापडत नाही. ती असावी, आणि जिल्ह्याच्या साहित्याला आज संमेलनापेक्षा तिची गरज जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या संवादातले ‘सर’ म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. हा विषय निघाला की जे आक्षेप हमखास ऐकू येतात ते मी त्यांच्या तोंडी घातले आहेत, आणि जमेल तितक्या ताकदीने घातले आहेत. वाद मांडायला संवाद सोयीचा पडतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना धोंडीरावाला असेच समोर बसवले होते. धोंडीरावाला गोष्टी फार लवकर पटतात, एवढीच त्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार आहे. आमच्या सरांचे तसे नाही.

सर : भाऊ, मला मुळातच हे पटत नाही. लिहिणं हे एकट्याचं काम. कच्चं असताना चार माणसांना दाखवलं की त्यातली निकड निघून जाते. एकदा सांगून मोकळं झालेली गोष्ट पुन्हा बसून लिहावीशी वाटत नाही, हे कुठलाही लिहिणारा सांगेल. पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे घ्या. ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली आला तेव्हा ते पंचेचाळिशीला टेकले होते. घाई नाही, गाजावाजा नाही. पुण्या-मुंबईच्या वर्तुळांपासून लांब राहून लिहिलं आणि १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेजारच्या खानदेशात नेमाड्यांनी सांगवीत बसून काही आठवड्यांत ‘कोसला’ लिहून काढली. १९६३ साली ती छापून आली आणि मराठी कादंबरीचा रस्ताच बदलला. ती दर रविवारी एकेक प्रकरण करून बैठकीत वाचली असती, तर पहिल्याच रविवारी कुणीतरी म्हणालं असतं, ‘नायक जरा कामाला लावा हो.’ आणि बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे! १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या या बाईंना कुठला लेखकांचा गट होता? नव्हता म्हणून तर ते पुस्तक इतकं धारदार झालं.

मी : सर, ताराबाईंकडे मी शेवटी येतो, कारण तुमचा खरा जोर तिथे आहे. लिहिणं एकट्याचं काम आहे यावर वाद नाही. बैठकीत कुणी लिहीत नसतं. माझा प्रश्न वेगळा आहे. लिहून झालेल्या मजकुराला पहिला खराखुरा वाचक कधी भेटतो? छापण्याआधी की छापल्यावर? तुमच्या उदाहरणांतही एकांत वाटतो तितका सलग नाही. ना. घं.ची ‘शीळ’ ही कविता ग. न. जोशी यांच्या आवाजात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ध्वनिमुद्रिकेवर आली आणि संग्रह त्यानंतर वीसेक वर्षांनी निघाला. ती कविता कच्ची नव्हती, तेव्हा हा माझ्या बाजूचा पुरावा नाही. पण ती पुस्तकात बसण्याआधी पुष्कळ कानांवरून गेली होती, एवढं तर खरं. नेमाड्यांच्या पाठीशीही देशमुख आणि कंपनीसारखं प्रकाशन होतं. हस्तलिखित वाचून त्यावर पैज लावणारे लोक तिथे होते. त्या काळात लिहिणाऱ्याला एकांत परवडत होता, कारण एकांताच्या दाराबाहेर कुणीतरी वाचणारं उभं होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’कडे कथा पाठवली की ती साभार परत यायची किंवा सूचनांसह यायची, आणि पुन्हा लिहून पाठवावी लागायची. त्या संपादनाचा राग येऊन १९६९ साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. तरी होळी करावी इतक्या गांभीर्यानं कुणीतरी आपलं वाचतं आणि नाकारतं, ही त्या पिढीची श्रीमंती होती असं आज वाटतं. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. आज लोणारचा किंवा संग्रामपूरचा लिहिणारा काय करतो? वहीतल्या कविता डीटीपीवाल्याकडे देतो, पदरचे पैसे घालतो, एका वडीलधाऱ्याकडून कौतुकाची प्रस्तावना आणतो आणि पुस्तक काढतो. पुस्तकावर चार शब्द बोलायला माणसं पहिल्यांदा जमतात ती प्रकाशन समारंभात. तिथे शाल असते, श्रीफळ असतं, लेखकाची आई पहिल्या रांगेत बसलेली असते. तिथे कोण म्हणेल की चौदाव्या पानापासून पुस्तक घसरलं? म्हणू नये, हेच बरोबर. त्या वेळी ते बोलणं फक्त अपमान ठरतं, दुरुस्तीची वेळ गेलेली असते. छापण्याआधी हेच वाक्य मोलाचं असतं. आपल्याकडे ते वाक्य म्हणायची जागाच उरलेली नाही.

सर : तुम्ही स्वतःच माझी बाजू मांडलीत. पटवर्धन एक होते, गट नव्हता. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’वर एझ्रा पाउंडनं पेन्सिल चालवली, जवळजवळ निम्मा मजकूर उडवला आणि १९२२ साली ती कविता उभी राहिली. तो खर्डा १९७१ साली छापला गेल्यावर जगाला त्याचं काम दिसलं. पण पाउंड एकटा होता हे विसरू नका. एक जाणता वाचक मिळाला तर मीही माझी वही देईन. गटाचं मात्र तसं नसतं. एकाला शेवट नको, दुसऱ्याला सुरुवात नको, तिसऱ्याला नायिका पसंत नाही. सगळ्यांचं ऐकता ऐकता जे उरतं ते कुणाचंच नसतं. पुण्याचं रविकिरण मंडळ आठवा. १९२३ साली रविवारी चहाला जमणारी मंडळी, कविता वाचायची, एकमेकांची वाहवा. पुढे तो सूर इतका ठरावीक झाला की अत्र्यांना ‘झेंडूची फुले’त त्याचं विडंबन करणं सोपं गेलं.

मी : रविकिरण मंडळाचं नाव तुम्ही काढणार याची खात्री होती. विडंबन जमलं हे खरं, आणि मंडळाच्या कवितेत एकमेकांच्या पाठीवर थाप मारण्याचा भाग होता हेही नाकारत नाही. पण एकाच चहाच्या टेबलाभोवती कोण कोण बसत होतं ते पाहा. फारसीच्या अभ्यासातून गझल मराठीत रुजवू पाहणारे माधव जूलियन, ‘अभागी कमल’सारखं सामाजिक खंडकाव्य लिहिणारे गिरीश, घरगुती जिव्हाळ्याचे यशवंत, टीकाकार माडखोलकर आणि नाट्यछटा लिहिणारे दिवाकर. दिवाकरांची नाट्यछटा त्या मंडळात विरघळली का? यशवंत आणि माधव जूलियन यांच्या ओळी एकमेकांच्या नावावर खपतील का? सूर सारखा होतो तो प्रामुख्यानं काळामुळे. कुठल्याच मंडळात न बसलेल्या त्या वेळच्या कवींच्या कविताही चाळून बघा, अर्ध्याअधिक त्याच सुरात लागलेल्या आहेत. आणि आपल्या वऱ्हाडातलाच याहून जुना दाखला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जमवलं ते रिद्धपूरला. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन एकेक आठवण विचारायची, लिहायची आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घ्यायची. ज्यात आपल्या मेहकर-लोणारचे उल्लेख येतात, तो मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हा असा लोकांत फिरून, दुरुस्त होत तयार झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोघांची आठवण जुळली नाही तर एक खोडून दुसरी ठेवली असं सरसकट झालं नाही. पोथ्यांमध्ये वेगळे पाठ शेजारी शेजारी नोंदलेले सापडतात. चार जणांना दाखवलं की सगळं सपाट होतं, हा नियम त्या ग्रंथाला लागू पडत नाही.

सर : लीळाचरित्र ही आठवणींची नोंद आहे, भाऊ. तिथे खरं-खोटं पडताळता येतं. कथेत काय पडताळणार?

मी : पुष्कळ. हा आक्षेप चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर बोलतो. समजा, चिखली तालुक्यातल्या एका मुलानं कथा लिहिली. त्यात सोयाबीनची पेरणी होते आणि चौथ्या दिवशी नायक डवरा घेऊन शेतात जातो, तिथे त्याला भावाच्या कर्जाची बातमी कळते. मुंबईतल्या संपादकाला वाक्यं आवडतील आणि कथा छापूनही येईल. आपल्या बैठकीतला पेरणी केलेला कुणीही माणूस मात्र तिथेच हात वर करेल. चौथ्या दिवशी कोंब जेमतेम मातीबाहेर डोकावतो, डवरणीला अजून पंधरवडा तरी आहे, मग हा गडी शेतात काय करतो? आता गंमत बघा. चूक शेतीची आहे, पण ती सापडल्यावर कथेचाच प्रश्न उघडा पडतो. लेखकाला नायक शेतात एकटा हवा होता आणि त्यानं हाताला लागलेलं पहिलं काम त्याला दिलं. मग चौथ्या दिवशी शेतकरी खरोखर कशासाठी जातो? उगवण बघायला जातो. कुठे तुटाळ पडली, पाखरांनी दाणे टिपले का, दुबार पेरणीचं संकट आहे का, हे वाकून बघत तासातासानं फिरतो. कर्जाची बातमी नायकाला त्या फिरण्यात कळली तर कथा कुठल्या कुठे जाते. लक्षात घ्या, श्रोत्यानं ही दुरुस्ती सुचवलेली नाही. तो फक्त अडला आणि पुढचं लेखकानं केलं. गटाचं काम एवढंच आहे. कुठे अडलो, कुठे कंटाळलो, कुठली म्हातारी तिसऱ्या पानावर उठून गेली ती परत आलीच नाही, हे सांगायचं. उपाय लेखकाचा. तुमच्या मनातला गट उपाय सांगतो, म्हणून त्यातून कुणाचंच नसलेलं काहीतरी उरतं. सदानंद देशमुखांच्या शेतीवरच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथची ती गोष्ट महाराष्ट्रभर वाचली गेली, पण शेतीचा एकेक तपशील तोलून बघू शकणारे वाचक आपल्या तेरा तालुक्यांत गावोगाव आहेत. ही जाण पुण्यात विकत मिळत नाही. ती इथे फुकट आहे आणि आपण ती वापरत नाही.

सर : वापरायची कशी? इथे सगळे एकमेकांना ओळखतात. कुणी माझ्या मुलाचा मुख्याध्यापक, कुणी संस्थेच्या संचालकाचा मेहुणा. चुकीचं बोललो तर उद्या बँकेत तोंड दाखवायचं आहे. म्हणून एकतर ‘वा, काय लिहिलं!’ नाहीतर जुना हिशेब चुकता करणं. तिसरं काही मी तरी कल्पू शकत नाही. आणि वऱ्हाडी बोलीत लिहिणारा पोर आला, तर आमच्यासारखे मास्तर त्याची भाषा शुद्ध करायला बसतील, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मी : प्रामाणिकपणाबद्दल आभार. लहान गावात ओळख हीच अडचण असते, हे पूर्ण मान्य. त्याला उपाय मोठ्या मनाचा नाही, मांडणीचा आहे. माणसं सातआठच हवीत. वाचणाऱ्यानं दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये आणि वाचून झाल्यावर तोंड उघडू नये, कारण तो समजावून सांगू लागला की चर्चा कागद सोडून त्याच्या मनात काय होतं याकडे जाते. बोलायला सगळ्यात धाकट्यानं किंवा सगळ्यात नवख्यानं सुरुवात करावी. मुख्याध्यापक आधी बोलले की पुढचे सहा जण मान डोलावतात. ‘आवडलं’ आणि ‘आवडलं नाही’ हे दोन्ही शब्द पहिल्या फेरीत वर्ज्य. ओळीवर बोट ठेवता आलं तरच बोलायचं. एवढं पाळलं तर हिशेब चुकता करणाऱ्याची पंचाईत होते. द्वेषालाही ओळ दाखवावी लागली, की त्यातून कधीकधी उपयोगाचं निघतं! बोलीचं म्हणाल तर मला उलटी भीती जास्त वाटते. मास्तर शुद्ध करतील ती करतील, पण हल्ली प्रत्येक वाक्यात ‘मले-तुले’ पेरून वऱ्हाडी केल्याचा आव आणणारं लिखाण वाढलं आहे. घाटावरची बोलण्याची ढब वेगळी, घाटाखालची वेगळी. देऊळगाव राजाकडे मराठवाड्याचा वारा लागतो, मलकापूरकडे खानदेशाचा. देऊळगाव राजाचा म्हातारा मलकापुरी बोलू लागला तर पुण्याच्या वाचकाला ते कळणार नाही, त्याला सगळंच गावरान. ते आपल्याच बैठकीत पकडलं जाईल. बोलीचा बचाव करायचा तर तिची पारख करणारे कान आधी लागतात. आता प्रश्न उरतो तो अशी बैठक कोण घेणार याचा. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालचा आहे, म्हणजे तुमच्या रविकिरण मंडळाच्याच वयाचा. त्याच्या शाखा, तालुक्याची वाचनालयं यांच्याकडे खोली आहे, सतरंजी आहे. जिल्ह्याच्या गावाला अजून रेल्वे नाही आणि संध्याकाळची शेवटची एसटी कुणासाठी थांबत नाही, तेव्हा बैठक तालुक्यातच असावी. सगळा जिल्हा बुलढाण्याला गोळा करायच्या भानगडीत पडू नये.

सर : आणि कल्पना चोरीला गेली तर?

मी : कल्पनेवर कायद्यानं कुणाचाच मालकीहक्क नसतो. शब्दांवर असतो आणि तो १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून असतो, नोंदणीचीही सक्ती नाही. सात जणांसमोर वाचलेल्या मजकुराला सात साक्षीदार मिळतात. चोराला त्यापेक्षा मोबाईलवर फिरणारी कविता सोपी पडते. म्हणून बैठकीतला कागद बैठकीतच राहावा, ग्रुपवर टाकू नये, एवढा नियम पुरे.

सर : ठीक. आता ताराबाई. तुम्ही टाळताय असं मला वाटू लागलं होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा १८८१ सालचा खटला, त्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांवर उठवलेली झोड, आणि तिला उत्तर म्हणून बुलढाण्यात बसून एका बाईनं लिहिलेलं पुस्तक. तिनं ते तुमच्या बैठकीत वाचलं असतं तर? सात जणांत सहा पुरुष असते. ‘बाई, एवढं कडक नको,’ असं पहिल्याच पानावर म्हणाले असते. तिनं ते कुणाला न दाखवता थेट पुण्याच्या छापखान्यात पाठवलं, म्हणून ते आज आपल्या हातात आहे.

मी : सहा पुरुषांच्या बैठकीत ते पुस्तक वाचलं असतं तर ते बोथट झालं असतं, हे मी मान्य करतो. पण एकांतानं काय दिलं तेही पाहू या. पाचशे प्रती निघाल्या. टीकेचा मारा झाला. ताराबाईंच्या बाजूनं जोतीराव १८८५ साली ‘सत्सार’मध्ये उभे राहिले, म्हणजे पुस्तक निघाल्यावर तीन वर्षांनी. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. आणि हे पुस्तक पुन्हा वाचकांसमोर आलं ते १९७५ साली, स. गं. मालशे यांनी छापलं तेव्हा. मधे त्र्याण्णव वर्षं. मंडळ असतं तर दुसरं पुस्तक आलंच असतं असं मी म्हणणार नाही, तो तर्क फार सैल होईल. पण एकांतामुळे धार आली असं म्हणताना त्याच एकांतात ती लेखणी एका पुस्तकावर थांबली, हेही त्याच दमात सांगायला हवं. ताराबाई सत्यशोधक विचारांच्या वर्तुळातल्या होत्या. बाईनं वाचायला-लिहायला शिकावं असं मानणारे वडील घरी होते. म्हणजे त्यांना धीर देणारे लोक होते, वाचून उलट प्रश्न विचारणाऱ्या बरोबरीच्या बायका नव्हत्या. तुमच्या आक्षेपातून मला बैठक नसावी असा निष्कर्ष निघताना दिसत नाही. बैठकीत कोण बसतं, हा प्रश्न मात्र निघतो आणि त्याचं उत्तर अवघड आहे. संध्याकाळी सातची वेळ ठेवली की अर्ध्या लिहिणाऱ्या बायका आपोआप गळतात. दुपारी तीनची ठेवली की नोकरीवाल्या आणि शेतावर जाणाऱ्या गळतात. दोन्ही वेळा आलटूनपालटून ठेवाव्या लागतील. काही बैठका फक्त बायकांच्या होऊ द्याव्या लागतील आणि तिथे काय वाचलं गेलं हे आपण विचारू नये. एखादीला आपला खर्डा आपल्या सासरच्या गावात वाचणं धोक्याचं वाटलं, तर शेजारच्या तालुक्यातल्या बैठकीत तिला जागा असली पाहिजे. हे जमलं नाही, तर तुम्ही म्हणता तसे सहा पुरुष एका बाईला ‘एवढं कडक नको’ म्हणत बसतील, आणि मग तुमचं बरोबर ठरेल.

सर : पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. माझी कादंबरी पाऊण झाली आहे आणि ती मी कुणाला दाखवणार नाही. पण ऐकायला येईन.

मी : या. ऐकणाऱ्यांचीच टंचाई आहे, वाचणारे रांगेत उभे आहेत. फक्त पहिल्या फेरीत तुमचा नंबर शेवटचा.

सर : तीस वर्षं वर्गावर शिकवलेल्या माणसाला ही अट जड जाईल, भाऊ.